'कम्प्लाय'पुढचं 'विथ' सतत का निसटतं? नोटिशीच्या उत्तरातली कायमची अडचण

तक्रार एकच, पण दर वेळी वेगळं रूप घेऊन येते. नोटिशीला इंग्रजीत उत्तर लिहिलं, त्यात 'वी हॅव कम्प्लाइड द नोटीस' (आम्ही नोटिशीचं पालन केलं) असं आलं. कुणीतरी सांगितलं, 'विथ' राहिलं. पुढच्या पत्रात 'कम्प्लाइड टू द नोटीस' झालं, तेही चुकीचं निघालं. मग आठवणीने 'विथ' घातलं आणि वाक्य तयार झालं: 'वी हॅव कम्प्लाइड विथ ऑल द डिफेक्ट्स'. हे तर पहिल्या दोन्हींपेक्षा वाईट.

जळगावच्या एमआयडीसीतल्या डाळ मिल, रावेर-सावद्याकडची केळीची पॅकहाउस, अमळनेर-चाळीसगावकडचे जिनिंगवाले, यांची इंग्रजी पत्रं टाइप करून आणि तपासून द्यायचं माझं काम. अन्न विभाग, जीएसटी, बँक, निर्यातीचा एजंट, पत्र कुणालाही असो, 'कम्प्लाय' त्यात असतोच, आणि निम्म्याहून जास्त पत्रांत त्याच्या पुढचा शब्द चुकलेला असतो. म्हणून हे एकदा सविस्तर लिहून ठेवतोय. पुढच्या वेळी फोनवर समजावण्यापेक्षा लिंक पाठवलेली बरी.

आधी एक सांगतो. 'विथ' राहिलं म्हणून कुणाचं लायसन्स जात नाही. समोरचा अधिकारीही मराठीच असतो, त्याला कळतं. खरी अडचण पुढे होते. उत्तर मोघम वाटतं, 'नेमकी काय कार्यवाही केली ते कळवा' असा शेरा पडतो आणि तेच पत्र पुन्हा लिहावं लागतं. त्या मोघमपणाचं मूळ बहुतेक वेळा या क्रियापदात सापडतं.

नियम तेवढा एका दमात

'कम्प्लाय'च्या पुढे ज्याचं पालन केलं ती गोष्ट लिहायची असेल, तर मध्ये 'विथ' लागतंच. 'कम्प्लाय विथ द ऑर्डर', 'कम्प्लाय विथ द रूल्स', 'कम्प्लाय विथ युवर रिक्वेस्ट'. 'टू' नाही, 'ऑफ' नाही, 'बाय' नाही. ती गोष्ट लिहायचीच नसेल तर 'विथ'ही नको: 'वी विल कम्प्लाय.' 'दे फेल्ड टू कम्प्लाय.' ही दोन्ही पूर्ण वाक्यं आहेत, शेवटी काही लटकवायची गरज नाही.

एवढ्याने काम भागलं असतं तर पोस्ट इथेच संपली असती. पण हा नियम पाठ असलेली माणसंही चुकतात.

खरा घोटाळा 'पूर्तता' या शब्दात आहे

आपल्याकडे सरकारी आणि सहकारी कागदांवर 'पूर्तता' हा शब्द कशालाही चालतो. अटींची पूर्तता, त्रुटींची पूर्तता, कागदपत्रांची पूर्तता. मराठीत तिन्ही बरोबर वाटतात, कारण ऐकून ऐकून कान तयार झालेत. पतसंस्थेत काम केलेल्या माणसाच्या तोंडात तर हा शब्द इतका बसलेला असतो की दुसरा सुचतच नाही. इंग्रजीत मात्र ही तीन वेगळी कामं आहेत आणि त्यांना तीन वेगळी क्रियापदं लागतात. अट, आदेश किंवा नियम असेल तर 'कम्प्लाय विथ'. त्रुटी किंवा दोष असेल तर 'रेक्टिफाय' किंवा 'करेक्ट'. कागदपत्र असेल तर 'सबमिट' किंवा 'फर्निश'. या शेवटच्या दोन्ही ओळींतल्या क्रियापदांपुढे 'विथ' लागत नाही, थेट ती वस्तू येते.

आता 'कम्प्लाइड विथ ऑल द डिफेक्ट्स' पुन्हा वाचा. त्याचा अर्थ होतो, दोषांनी जे सांगितलं ते आम्ही निमूटपणे केलं. 'विथ' घालून व्याकरण सुधारलं आणि अर्थ बिघडला.

अमळनेरकडचा एक तरुण अकाउंटंट आहे, हुशार आहे, अहिराणीतच बोलतो. असंच पत्र दुरुस्त करून आणलं होतं त्याने. म्हणाला, "विथ लाई दिधं ना भाऊ, आते काय ऱ्हायनं?" त्याला म्हटलं, दादा, आधी हे सांग, डिफेक्टने तुला काही काम सांगितलं होतं का? तो हसला आणि त्याचं त्यालाच उमगलं.

हीच कसोटी सगळीकडे लावा. 'कम्प्लाय विथ'च्या पुढे जी गोष्ट लिहिताय ती तुम्हाला 'हे कर' किंवा 'असं अस' म्हणू शकते का? आदेश म्हणू शकतो. नियम, कलम, अट, मानक, विनंती, नोटीस, सूचना, सगळे म्हणू शकतात. दोष म्हणू शकत नाही. प्रमाणपत्र म्हणू शकत नाही. प्रश्नही म्हणू शकत नाही, त्याला फक्त उत्तर हवं असतं. बँकेकडून 'क्वेरी' आली तर 'कम्प्लाइड विथ द क्वेरी' लिहू नका, 'रिप्लाइड टू द क्वेरी' लिहा.

जीएसटीत हा फरक चांगला दिसतो. रिटर्नच्या छाननीत तफावत आढळली की एएसएमटी-१० ही नोटीस येते आणि एएसएमटी-११ मध्ये उत्तर द्यायचं असतं. तिथे खातं तुमच्याकडे मागतं ते तफावतीचं स्पष्टीकरण. म्हणजे क्रियापद 'एक्सप्लेन', आणि त्यापुढे थेट 'द डिस्क्रिपन्सी'. 'कम्प्लाइड विथ द डिस्क्रिपन्सी' लिहिणारे मी बरेच पाहिलेत. त्यांना म्हणायचं असतं की फरक कशामुळे पडला ते आम्ही सांगितलं. वाचणाऱ्याला वाटतं, फरक यांनी मान्यच केला. पैशाचा मामला असेल तिथे हा गैरसमज परवडत नाही.

न्यायालयात कार्यालयीन हरकती निघतात, म्हणजे दाखल केलेल्या कागदांत न्यायालयाचं कार्यालय त्रुटी काढतं, त्यांचंही तसंच. वकिलांच्या बोलण्यात 'ऑब्जेक्शन्स कम्प्लाय केले' सर्रास येतं आणि बोलण्यात ते चालून जातं. लिहिताना 'रिमूव्ह्ड द ऑफिस ऑब्जेक्शन्स' लिहा.

कायद्याची भाषाच बघा

डाळ मिलवाल्यांना येणारी 'इम्प्रूव्हमेंट नोटीस', म्हणजे सुधारणा करायला सांगणारी नोटीस, अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कलम ३२ खाली निघते. ते कलम इंग्रजीत वाचलं तर आपला सगळा प्रश्न तिथेच सुटलेला दिसतो. नोटिशीत काय काय असावं हे त्यात सांगितलंय: नियमांचं पालन झालं नाही असं मानायची कारणं, नेमकी चूक कशात झाली ते, ती दूर करायला कोणते उपाय करायचे ते, आणि त्यासाठी वाजवी मुदत, जी १४ दिवसांपेक्षा कमी नसावी. चूक आणि उपाय असे दोन वेगळे रकाने झाले. चूक आपण दुरुस्त करतो, म्हणजे 'रेक्टिफाय'. उपाय करायला सांगितलेला असतो, म्हणून त्याच्याशी 'कम्प्लाय विथ'.

त्याच कलमात पुढे, नोटीस पाळली नाही तर लायसन्स निलंबित होऊ शकतं असं सांगताना 'फेल्स टू कम्प्लाय विथ अॅन इम्प्रूव्हमेंट नोटीस' असे शब्द आहेत. आणि त्याआधी काय चुकलं याचा उल्लेख करताना 'फेल्युअर सो टू कम्प्लाय' असं आहे, तिथे 'विथ' नाही, कारण पुढे वस्तूच नाही. दोन्ही नमुने एकाच कलमात. मी नवीन मुलांना हेच कलम वाचायला लावतो, व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा लवकर डोक्यात बसतं. शिवाय नोटीस त्यांच्याच मिलला आलेली असते, त्यामुळे लक्ष देऊन वाचतात!

एक पत्र उघडून बघू

मिलचं नाव सोडून, असं एक उत्तर माझ्याकडे तपासायला आलं होतं. नोटिशीत तीन मुद्दे होते: ग्रेडिंग मशीनवरच्या दिव्यांना कव्हर नाही, कामगारांची वैद्यकीय तपासणी प्रमाणपत्रं नाहीत, पाण्याचा तपासणी अहवाल नाही. उत्तर असं लिहिलं होतं:

'विथ रेफरन्स टू युवर नोटीस, वी हॅव कम्प्लाइड ऑल द डिफेक्ट्स. कम्प्लायन्स ऑफ डॉक्युमेंट्स इज अटॅच्ड. रिमेनिंग पॉइंट विल बी कम्प्लाइड सून.'

तीन वाक्यांत 'कम्प्लाय' तीनदा, आणि तिन्ही वेळा बिघाड. शिवाय अधिकाऱ्याला यातून काय कळलं? कव्हर बसली का? माहीत नाही. कोणता मुद्दा राहिलाय? माहीत नाही. पहिल्या वाक्यात 'ऑल' म्हणायचं आणि तिसऱ्यात 'रिमेनिंग', हे तर वेगळंच.

दुरुस्त करून असं झालं:

'वी हॅव कम्प्लाइड विथ पॉइंट्स १ अँड २ ऑफ युवर इम्प्रूव्हमेंट नोटीस. प्रोटेक्टिव्ह कव्हर्स हॅव बीन फिटेड ऑन ऑल लाइट्स अबव्ह द ग्रेडिंग मशीन. फोटोग्राफ्स आर एनक्लोज्ड. द मेडिकल सर्टिफिकेट्स ऑफ अवर वर्कर्स आर ऑल्सो एनक्लोज्ड. अॅज रिगार्ड्स पॉइंट ३, द वॉटर सॅम्पल हॅज बीन सेंट टू द लॅबोरेटरी अँड द रिपोर्ट विल बी सबमिटेड ऑन रिसीट.'

'कम्प्लाय' एकदाच आला, योग्य जागी आला. बाकीची कामं त्या त्या क्रियापदांनी केली: 'फिट', 'एनक्लोज', 'सेंड', 'सबमिट'. माझं तर मत असं की उत्तरात 'कम्प्लाय' जितका कमी, तितकं उत्तर पक्कं. काय केलं ते सांगता येत नसेल तेव्हाच माणूस 'पूर्तता केली' म्हणतो.

वाक्य उलटं झालं की 'विथ' गळतं

सगळ्यात हट्टी बिघाड हा. कर्तरी वाक्यात 'विथ' लिहिणारा माणूससुद्धा कर्मणीत ते विसरतो. 'द डायरेक्शन्स हॅव बीन कम्प्लाइड' असं लिहून मोकळा होतो. कारण उघड आहे. 'डायरेक्शन्स' वाक्याच्या सुरुवातीला गेल्या, मग 'विथ'च्या पुढे काहीच उरलं नाही, म्हणून ते उपरं वाटतं आणि हात आपोआप थांबतो. पण ते तिथे हवंच: 'द डायरेक्शन्स हॅव बीन कम्प्लाइड विथ.' भुसावळ यार्डातून निघणाऱ्या मालगाडीला शेवटी गार्डचा डबा जोडलेला असतो, तसं हे 'विथ' समजा. पुढे काही नसलं तरी त्याच्याशिवाय गाडी सुटत नाही.

शाळेत 'वाक्याच्या शेवटी प्रीपोझिशन येऊ द्यायचं नाही' असं काही सरांनी शिकवलेलं असतं, त्याचा धाक इथे आडवा येतो. तो धाक सोडा. कर्मणीत दुसरी जागाच नाही. 'विथ' वाक्याच्या पोटात ढकलायचा प्रयत्न केला तर 'हॅव बीन विथ कम्प्लाइड' असलं काहीतरी भलतंच निघतं, आणि तेही मी पाहिलंय.

'विच' असलेल्या वाक्यात उलटा बिघाड होतो, 'विथ' दोनदा पडतं: 'द कंडिशन्स विथ विच वी हॅव टू कम्प्लाय विथ'. दोन्हींपैकी एक ठेवा. बँकेच्या मंजुरीपत्राच्या उत्तरात मी आधीचं 'विथ विच' काढतो आणि शेवटचं 'विथ' ठेवतो, वाचायला सरळ जातं: 'द कंडिशन्स वी हॅव टू कम्प्लाय विथ'.

दोन क्रियापदं जोडताना पण सांभाळा. 'वी अॅक्सेप्ट अँड कम्प्लाय विथ द टर्म्स' बरोबर, कारण 'अॅक्सेप्ट'ला काही लागत नाही आणि 'कम्प्लाय'चं 'विथ' त्याच्या लगेच मागे आहे. क्रम फिरवून 'वी कम्प्लाय अँड अॅक्सेप्ट द टर्म्स' केलं की 'विथ' गळालं. तसा क्रम हवाच असेल तर 'कम्प्लाय विथ अँड अॅक्सेप्ट' लिहा, पण मी पहिलाच घेतो.

'टू' कुठून येतं?

दोन वाटांनी येतं असं माझं निरीक्षण आहे. एक वाट आपल्या घरातली. 'नोटिशीला उत्तर द्या', अहिराणीत 'नोटिसले जवाब दे'. हा 'ला' किंवा 'ले' इंग्रजीत 'टू' होतो आणि 'रिप्लाय टू द नोटीस' अगदी बरोबर बसतं. मग त्याच पत्रात, त्याच नोटिशीपुढे, 'रिप्लाय'सारखाच कानाला लागणारा 'कम्प्लाय' आला की हात 'टू'च टाइप करतो. एकाच पत्रात दोन्ही असतील तर एक वाक्य नमुना म्हणून समोर ठेवा: 'वी रिप्लाय टू द नोटीस अँड कम्प्लाय विथ इट.'

दुसरी वाट केळीवाल्यांच्या कागदांतून येते. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, माल आखातात जातो, त्यामुळे रावेर-सावद्याकडे इंग्रजी कागद आता नवीन नाहीत. 'कन्फॉर्म', 'अडहिअर' आणि 'कम्प्लाय' ही तिन्ही क्रियापदं त्या कागदांत शेजारी शेजारी येतात आणि अर्थानेही जवळची आहेत. 'अडहिअर'ला 'टू' लागतं. 'कन्फॉर्म'ला 'टू' चालतं आणि 'विथ'ही चालतं. फायटोसॅनिटरी प्रमाणपत्राच्या (माल कीड-रोगमुक्त असल्याच्या दाखल्याच्या) आंतरराष्ट्रीय नमुन्यात माल आयातदार देशाच्या अटींशी जुळतो असं सांगताना 'कन्फॉर्म विथ' वापरलंय. मानकांच्या कागदांत 'कन्फॉर्म्स टू' जास्त दिसतं. 'कम्प्लाय'ला मात्र ही मोकळीक नाही, त्याला फक्त 'विथ'. 'द फ्रूट कम्प्लाइज विथ द रेसिड्यू लिमिट्स ऑफ द इम्पोर्टिंग कंट्री' असं लिहा. कर्ता माणूसच असावा असंही नाही, केळी, मशीन, इमारत, काहीही नियमाशी 'कम्प्लाय विथ' करू शकतं.

आणि काहीच न घालण्याची सवय 'ओबे' आणि 'फॉलो' यांनी लावलेली आहे. दोन्ही शाळेतले जुने ओळखीचे, दोन्हींना प्रीपोझिशन नाही. 'विथ' आठवतच नसेल आणि घाई असेल, तर सरळ 'फॉलो' वापरा. 'वी हॅव फॉलोड युवर डायरेक्शन्स' यात कमीपणा काही नाही.

'कम्प्लायन्स ऑफ' हा रुजलेला रोग

'इन कम्प्लायन्स ऑफ युवर ऑर्डर'. हे इतकं पसरलंय की बरोबर लिहिलेलं लोकांना चुकीचं वाटतं. मराठीतल्या 'आदेशाच्या पूर्ततेत' मधला 'च्या' इथे 'ऑफ' होऊन बसलाय. नाम झालं तरी 'विथ' बदलत नाही: 'इन कम्प्लायन्स विथ युवर ऑर्डर'. माहितीचा अधिकार कायदा, २००५ मध्ये कलम १९ च्या पोटकलम ८ मध्ये 'टू सिक्युअर कम्प्लायन्स विथ द प्रोव्हिजन्स ऑफ धिस अॅक्ट' असे शब्द आहेत. कुणी वाद घातला तर ती ओळ दाखवा.

'ऑफ' पूर्ण बाद नाही, त्याचं काम वेगळं आहे. पालन कोण करतं ते 'ऑफ' सांगतं, पालन कशाचं ते 'विथ' सांगतं. 'द कम्प्लायन्स ऑफ द मिल विथ द रेग्युलेशन्स', इथे मिल पाळते आणि नियम पाळले जातात. म्हणून 'कम्प्लायन्स ऑफ द ऑर्डर' म्हटलं की आदेशच कुणाचं तरी ऐकतोय असा अर्थ व्हायला लागतो. 'नॉन-कम्प्लायन्स'लाही 'विथ', 'कम्प्लायंट'लाही 'विथ'. फक्त 'जीएसटी-कम्प्लायंट इनव्हॉइस' असा जोडशब्द केला तर काहीच नको.

स्पेलचेकला न दिसणारा बिघाड

'एल' आणि 'आय' यांची जागा टाइप करताना बदलली की 'कम्प्लाइड'चं 'कम्पाइल्ड' होतं. 'वी हॅव कम्पाइल्ड विथ युवर नोटीस', म्हणजे तुमच्या नोटिशीसोबत आम्ही संकलन केलं! दोन्ही शब्द इंग्रजीत खरे असल्यामुळे लाल रेघ येत नाही, आणि डोळाही चटकन फसतो. पाठवण्याआधी कंट्रोल आणि एफ दाबून 'सी-ओ-एम-पी' एवढीच अक्षरं शोधा. सगळे 'कम्प्लाय', 'कम्प्लायन्स' आणि चुकून आलेले 'कम्पाइल' एकेक करून समोर येतील. प्रत्येकाच्या पुढचा शब्द बघा: 'विथ' आहे का, आणि 'विथ'पुढची गोष्ट आदेश देणारी आहे का. पानभर पत्राला दोन मिनिटं पुरतात. शोधताना 'कम्प्लाय विदिन फोर्टीन डेज' मधलं 'विदिन' बघून फसू नका, ते मुदतीचं आहे, त्याच्यात आपलं 'विथ' येत नाही. नोटीसही लिहायची आणि मुदतही लिहायची तर दोन्ही हवेत: 'कम्प्लाय विथ द नोटीस विदिन फोर्टीन डेज'.

मोबाइलवर मराठी टाकून भाषांतर घेणाऱ्यांनीही हा शोध चुकवू नये. 'त्रुटींची पूर्तता केली आहे' हे वाक्य यंत्राला दिलं तर घोळ आपल्याच वाक्यात आहे, यंत्र तो तसाच पुढे सरकवतं. आधी मराठीत 'त्रुटी दूर केल्या' असं लिहा, मग भाषांतर घ्या.

अर्धंच काम झालं असेल तर

इथे व्याकरणापेक्षा काळ महत्त्वाचा. 'हॅव कम्प्लाइड विथ' म्हणजे काम झालं, संपलं, आणि तुम्ही तसं लेखी दिलं. चालू असलेल्या कामाला ते लावू नका, उद्या तपासणीला कुणी आलं तर हेच वाक्य पुढे करतील. काम सुरू असेल तर 'इज बीइंग कम्प्लाइड विथ', यातही शेवटचं 'विथ' ठेवून. सुरूच केलं नसेल तर 'विल कम्प्लाय विथ पॉइंट ३ बाय' आणि पुढे तारीख. 'सून' लिहू नका, 'अॅट द अर्लिएस्ट' तर अजिबात नको. आणि दिलेली तारीख नोटिशीच्या मुदतीबाहेर जात असेल, तर त्याच पत्रात मुदतवाढीची वेगळी ओळ घाला: 'वी रिक्वेस्ट अॅन एक्स्टेन्शन ऑफ टाइम टू कम्प्लाय विथ पॉइंट ३.' 'रिक्वेस्ट'पुढे 'फॉर' घातलेलं नाही हे बघितलंत ना? क्रियापद असताना ते लागत नाही, 'अ रिक्वेस्ट फॉर' असं नाम असेल तेव्हाच लागतं.